अशोककुमार आणि इतर

१७ जुलै, बुधवार

आज आडी महिना लागला. आता महिनाभर गावात लग्न नाही, वास्तुशांत नाही, नवं काही नाही. नव्या नवरीला आईबाप माहेरी घेऊन जातात आणि लग्नांचं शूटिंग करणाऱ्याच्या बायकोला नवरा दिवसभर घरात सोसावा लागतो. गेल्या वर्षी हे महिनाभर ओसरीवर बसून माझ्या सांबाराला नावं ठेवत होते.

यंदा मात्र आडीतही काम मिळालंय म्हणतात. शेजारच्या तालुक्याच्या गावी सगायराज म्हणून ह्यांचा दोस्त आहे, तिथल्या थिएटरात सिनेमाचं यंत्र चालवतो. त्याच्या नात्यात लग्नं आहेत. ख्रिस्ती माणसं, त्यांना आडीचं काही नाही.

मी लिहायला बसले की ह्यांचं ठरलेलं असतं, "काय मरगदम, सी.आय.डी.ची वही भरली का?" मी म्हणते, खरं लिहायला भीती कुणाची? आठवीपासून लिहिते आहे. आमच्या तमिळच्या बाई सांगायच्या, वहीत खोटं लिहिताना हात थरथरतो. माझा आजवर थरथरला नाही, आणि लिहिलेलं मी खोडतही नाही.

१९ जुलै, शुक्रवार

पहिला आडी शुक्रवार. मारियम्माच्या देवळात नाचणीच्या आंबिलीची हंडी माझ्याकडे होती. दंड भरून आलेत.

हे सकाळीच मोठा कॅमेरा आणि नवीन स्टँड घेऊन सगायराजकडे गेले आणि दोनच्या आत परत. चर्चमधलं लग्न झटपट आटोपतं म्हणे. आपल्याकडच्या लग्नातून येताना निदान नारळ-विड्याची पिशवी तरी हातात असते. ह्यांच्या हातात केकचा तुकडासुद्धा नाही. सगायराजचे लोक हात राखून असलेले दिसतात.

जेवताना अत्तैंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं, "नवरी कशी होती रे?"

"अंधार होता. नीट दिसली नाही."

चर्चमध्ये दिवे लावत नाहीत की काय! विचारणार होते, पण तोवर हे हात धुऊन दुकानात गेलेसुद्धा. शटर अर्धं ओढून संध्याकाळपर्यंत संगणकावर होते.

२० जुलै, शनिवार

सकाळी इडलीचं पीठ आणायला पेच्चियम्माळकडे गेले तर बाईसाहेब फोनवर सिनेमा बघत बसलेल्या. काल थिएटरला लागलेला, ज्यातल्या नायकाच्या पुतळ्यावर पोरांनी काल सकाळी हंडाभर दूध ओतलं, तोच! पडमकडल नावाची साइट आहे म्हणे, तिथे सिनेमा लागला त्याच दिवशी फुकट मिळतो.

मी तिला चांगली झापली. "शेकडो माणसं दोन-दोन वर्षं राबतात आणि तू चोरीचं बघतेस? उद्या तुझं पीठ कुणी उचलून नेलं तर?"

"पीठ नेलं की संपतं गं. सिनेमा नेला तरी तिथल्या तिथेच राहतो की!" आणि वर म्हणते, "ये, बस जरा."

बसले नाही. उभ्या उभ्या पाचच मिनिटं बघितला, खरं तेच लिहिते. चित्र जरा अंधारं, खाली कुणाकुणाची डोकी दिसतात. नायक आला, शिट्ट्या झाल्या, आणि मध्येच कुणीतरी खोकलं. दोनदा तुटक, मग थांबून एक लांबलचक. मी म्हटलं, "अगंबाई, हा तर आमच्या ह्यांचाच खोकला!" दोघी पोट धरधरून हसलो.

दुपारी पानावर ही गंमत सांगितली. आमची लेक कयल हसली, अत्तै हसल्या. ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. "जगात खोकणारा मी एकटाच आहे का?" आणि थोड्या वेळाने, "हेपण लिहिणार वहीत?"

लिहिणार, म्हटलं. लिहिलं.

२६ जुलै, शुक्रवार

दुसरा आडी शुक्रवार. हे पुन्हा सगायराजकडे, पुन्हा लग्न. त्या माणसाला बहिणी तरी किती! येताना माझ्यासाठी मल्लीची, म्हणजे मोगऱ्याची फुलं आणली, चांगली दोन हात लांब माळ. लग्नाआधी आणायचे तशी. देवीने ऐकलं म्हणायचं.

३० जुलै, मंगळवार

पेपरात मोठ्या अक्षरांत आलंय. मद्रासच्या कोर्टाने हुकूम काढला आणि सरकारने सिनेमे चोरणाऱ्या साइटी बंद केल्या. बाराशे पत्ते, त्यात पडमकडलही. मला बरं वाटलं. पण खटला कुणाविरुद्ध, तर छापलंय ह्यांचंच नाव! मी ते नाव घेत नाही. आमच्या आजीने शिकवलंय, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, आणि माझ्या मते लिहिणं म्हणजेही घेणंच. लोकांच्या तोंडचं तेवढं लिहिते.

चहावाला मुरुगेसन सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "काय अशोककुमार! कोर्टाने आठवण काढली म्हणे! अशोककुमार आणि इतर! ते इतर म्हणजे आम्ही का?"

सगळे हसले. हेही हसले. पण चहा तसाच टाकून घरी आले. जेवले नाहीत. दुपारी पाणी शेंदताना ह्यांचा फोन विहिरीत पडला. गळ टाकून काढू म्हटलं, तर अंगावर आले, "राहू दे म्हणतो ना!" मला इतकं तोडून कधी बोलत नाहीत.

दृष्टच लागली असणार. गावभर नाव झालं की लागायचीच. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, तर अजिबात ठसका नाही. म्हणजे केवढी लागली होती बघा.

१ ऑगस्ट, गुरुवार

पेच्चियम्माळ सांगत होती, "कसलं बंद नि काय! नुसतं शेपूट बदललंय पत्त्याचं. आजपासून परत चालू." सरकारचं हे असं. पुढचं दार लावायचं आणि परसदार उघडं ठेवायचं.

ह्यांनी नवा फोन घेतला. त्यात काहीतरी बघून आज खुद्कन हसले, किती दिवसांनी. दृष्ट उतरली.

३ ऑगस्ट, शनिवार

आडीचा अठरावा दिवस. सगळा गाव नदीवर. यंदा पाणी गुडघाभरच, पण पूजा झाली. काल हे सगायराजकडे जाऊन आले होते, तिसऱ्या लग्नाला, त्यामुळे दमलेले होते. तरी आले. चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात, सगळं मी एकटीने केलं होतं.

शहरातले दोन तरुण तिथे फिरत होते, इस्त्रीचे शर्ट, पायात बूट. नदीवर कुणी बूट घालून येतं? मी बोलावून पानावर चिंचेचा भात वाढला. बोलायला गोड.

"अक्का, दादा फक्त लग्नंच शूट करतात?"

"फक्त लग्नं. पण आडीतसुद्धा सुट्टी नाही बघा! दर शुक्रवारी बाहेरगावी."

"दर शुक्रवारी?" एकाने परत भात मागितला. छान झालाय म्हणाला. जाताना आमच्या सगळ्यांचा फोटो काढला.

ते गेल्यावर ह्यांनी विचारलं, काय बोललीस. सांगितलं. हे उठून चटई गुंडाळायला लागले, मी अजून दहीभात वाढला नव्हता. कयल रडायला लागली. सणाचा दिवस उगाच नासवला.

४ ऑगस्ट, रविवार

हे दिवसभर दुकानात. व्हायरस शिरला म्हणून संगणक पुसून काढावा लागला. तिन्ही लग्नं गेली. सगायराजच्या बहिणींना आता काय तोंड दाखवणार?

५ ऑगस्ट, सोमवार

लिहवत नाही, पण लिहिते.

साडेदहाला पोलिसांची जीप आली. दुकानासमोर सगळ्यांदेखत इन्स्पेक्टरने विचारलं, "तूच ना अशोककुमार?" हे हो म्हणाले. "व्हिडिओवाला?" हो म्हणाले. "चल." एवढंच. मुरुगेसनच्या हातातून चहाचं फडकं गळून पडलं. त्याची थट्टा खरी झाली.

मी आणि अत्तै धावत ठाण्यावर गेलो. मला विचारलं, नवऱ्याचं नाव? मी गप्प.

"अहो बाई, नाव सांगा."

म्हटलं, "तो राजा नव्हता का, ज्याने रस्त्याच्या दुतर्फा झाडं लावली?"

इन्स्पेक्टर डोळे फाडून बघायला लागला. ज्योतिमणी म्हणून तिथे महिला पोलीस आहे, ती फिस्सकन हसली. "सर, घेत नाहीत ह्या नाव. लिहा, अशोक. आणि पुढे अक्का?"

"मुलगा. राजाचा."

"कुमार," ती म्हणाली.

तेवढ्यात मी त्यांच्या टेबलावर तो हुकूम पाहिला. पहिल्याच पानावर त्या नावाखाली लाल रेघ मारलेली. इन्स्पेक्टर त्यावर बोट आपटून म्हणाला, "कोर्टाने नाव देऊन सांगितलंय. आता आणखी काय पाहिजे?"

संगणक, कॅमेरे, सगळं नेलं. कयल शाळेतून आली तर दुकानाला सील.

६ ऑगस्ट, मंगळवार

देवी पावली! माझ्या आईचे मावसभाऊ पेरुमाळसामी वकील आहेत. मामांनी ठाण्यावर जाऊन तो हुकूम वाचला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले ते हसतच सुटले. मला राग आला.

"अगं, हा अशोककुमार म्हणजे कुणीच नाही! चोर कोण हे माहीत नसतं ना, तेव्हा कागदावर घालायला एक नाव लागतं. आपल्याकडच्या कोर्टात अशोककुमार लिहायची पद्धत आहे. म्हणजे कुणीतरी सोम्यागोम्या! वरून दट्ट्या आला असणार, कुणाला तरी पकडून दाखवा म्हणून. ह्या शहाण्याने हुकूम वाचला आणि निघाला अशोककुमार शोधायला. त्यात तुझा नवरा व्हिडिओवाला. झालं!"

मीही हसले. मग रडले. जगात नसलेल्या माणसासाठी माझा माणूस कोठडीत!

"पुरावा काही नाही त्यांच्याकडे," मामा म्हणाले. "संगणक कोरा आहे. सोमवारी जामिनाचा अर्ज आहे, सुटेल. फक्त तू तोंड बंद ठेव. मला दाखवल्याशिवाय कुणाला चिठोरंसुद्धा द्यायचं नाही. कळलं?"

रविवारी व्हायरस आला ते एका परीने बरंच झालं. नाहीतर ह्या लोकांनी लग्नाच्या चित्रांतूनही काहीतरी खुसपट काढलं असतं.

७ ऑगस्ट, बुधवार

आज मी माझ्या मनाने एक काम केलं. सगायराजने कोर्टात येऊन सांगितलं की हे तिन्ही शुक्रवारी त्याच्याकडच्या लग्नांत होते, तर प्रश्नच मिटेल. म्हणून बसने त्याच्या गावी गेले.

त्याच्या घराला कुलूप. सोमवारपासून घरातली सगळी माणसं कुठेतरी गेली आहेत. शेजारची म्हातारी माळ ओढत बसली होती. तिला लग्नांचं विचारलं.

"कसली लग्नं? गेल्या ईस्टरनंतर आमच्या चर्चमध्ये एक लग्न नाही झालं, पोरी. आणि सगायराजला बहीण कुठली? एकुलता एक तो."

मी बराच वेळ तिथे उभी होते. म्हातारी नव्वदीची असेल, तिला काय आठवणार. किंवा चर्च दुसरं असेल. त्या गावात दोन चर्च आहेत, मी स्वतः बसमधून पाहिली. शिवाय लोक मावसबहिणीलाही बहीणच म्हणतात.

येताना बसमध्ये आपला थांबा मागे गेला तरी कळलं नाही. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, त्याने असेल. अत्तैंनी विचारलं, भेटला का? नाही म्हटलं. म्हातारीचं त्यांना सांगितलं नाही. इथे मात्र लिहिलं, कारण घडलं.

१० ऑगस्ट, शनिवार

तुरुंगात भेट मिळाली. मध्ये जाळी, बाजूला शिपाई. पाच दिवसांत गाल बसलेत, दाढी पांढरी आलीय. मला माहीतच नव्हतं की ह्यांची दाढी पांढरी झालीय. मी म्हातारीचं विचारणार होते, अगदी ठरवून गेले होते. चेहरा पाहिला आणि विचारवलं नाही.

हे जाळीला तोंड लावून हळू बोलले, "मरगदम, घरात लिहिलेलं जे काय आहे ते सगळं जाळ. आजच्या आज. एक पान ठेवू नकोस."

"कुठलं लिहिलेलं?"

शिपायाने मान वळवली. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. "तुला माहीत आहे," म्हणाले. "तुझ्या पाया पडतो."

नवरा बायकोला असं म्हणतो का? मी कानावर हात ठेवले.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. आणि मग उलगडलं. पत्रं! कोईमतूरला फोटोचं काम शिकत होते तेव्हा मला लिहिलेली, माझ्या ट्रंकेच्या तळाशी असलेली. पोलीस घराची झडती घेतील, कुणी परका हवालदार ती वाचेल, चारचौघांत मोठ्याने वाचेल. एवढ्या संकटातही ह्यांना माझ्या अब्रूची काळजी! आणि मी मात्र एका म्हातारीच्या बोलण्यावरून ह्यांच्यावर संशय घेत होते. माझी मलाच लाज वाटली.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी ज्योतिमणी घरी आली, साध्या साडीत. मी घाबरले, पण तिने कयलची वेणी घालून दिली, ताक मागून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, नावाचा घोळ झाला हे आमच्या साहेबांनाही कळलंय आता. तुमच्या वकिलाने कोर्टात तोंड उघडलं की सगळं गाव त्यांना हसणार. त्यांनाच सुटका हवी आहे. पण वर काय सांगणार? त्या तीन शुक्रवारी दादा कुठे होते एवढं कागदावर दाखवा. आम्हीच उद्या म्हणतो, सोडा."

"कागदावर म्हणजे कसं? रोजचं लिहिलेलं चालेल?"

तिचा पेला ओठाशीच थांबला. "रोजचं?"

"तारीखवार. कधी गेले, कधी आले, काय बोलले. मी लिहिते."

"चालेल म्हणजे काय, अक्का! असलं तर सोन्याहून पिवळं. आत्ताच देता का?"

नको म्हटलं. आजचं अजून लिहायचं होतं, आणि अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती कशाला, उद्या मीच आणून देते. तिने माझे दोन्ही हात धरले. चांगली मुलगी आहे.

मामांना फोन लावला. ते नातवाचं जावळ काढायला पळनीला गेलेत, फोन लागेना. लागला असता तरी नको म्हणाले असते. वकिलाला खटला एका दिवसात मिटलेला कधी आवडतो?

दुपारी ट्रंक उघडली. अकरा पत्रं, निळ्या शाईची. ह्यांनी जाळ म्हटलंय तर जाळणारच. पण जाळण्याआधी एकेक वाचलं, एवढी मुभा मी घेतली. एकात लिहिलंय, "तुझ्या डोळ्यांचा फोटो मला काही केल्या जमत नाही, दर वेळी माझाच हात हलतो." हे तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मी ते पत्र दोनदा चुलीपाशी नेलं आणि दोनदा परत आणलं. तिसऱ्यांदा टाकलं. एकवीस वर्षांत ह्यांनी माझ्यापाशी एवढं एकच काही हात जोडून मागितलं, ते मी राखून कसं ठेवू? सगळी जळेपर्यंत हलले नाही. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि धूर नसता तरी आलं असतं.

अत्तै चुलीजवळ येऊन बसल्या. "तो जाळ म्हणाला ते हेच का गं?"

"दुसरं काय आहे घरात लिहिलेलं?"

अत्तै माझ्या मांडीवरच्या ह्या वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीपण घाल त्यात." मला हसूच आलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून वहीची त्यांना पहिल्यापासून धास्ती. म्हटलं, "अत्तै, हीच तर तुमच्या मुलाला घरी आणणार आहे."

त्या उठून गेल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत.

१२ ऑगस्ट, सोमवार

आंघोळ झाली, देवीपुढे दिवा लावला. कयलला आज शाळेत पाठवलं नाही, बाबा येतील तेव्हा घरी असावी. ह्यांना आवडतं म्हणून वाटाण्याचा कुर्मा करून ठेवलाय. अत्तै पहाटेपासून दाराशी बसल्या आहेत, मला वाट देत नाहीत. वेड्यासारखं करतात, म्हातारपण आहे. मी परसदाराने जाईन.

इन्स्पेक्टर साहेब, हे शेवटचं पान तुमच्यासाठी. मी फार शिकलेली बाई नाही, पण यात एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द खोडलेला नाही. घाईत मधली पानं सोडू नका, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, म्हणजे माझा नवरा कसा माणूस आहे ते तुम्हाला कळेल. स्वयंपाक करता करता लिहिलेलं आहे, कुठे कुठे हळदीचे डाग पडलेत. कुठलं अक्षर लागलं नाही तर मला बोलवा. मी स्वतः वाचून दाखवीन.